निर्मनुष्य मळ्याची शिरगणती

साओ तोमे, २१ फेब्रुवारी २००५

प्रिय किंतिनोदादा,

माझं पत्र बघून तू म्हणशील, आज सूर्य कुठल्या दिशेला उगवला. मान्य आहे. वर्षभरात दोन ओळी लिहिल्या नाहीत. पण आता कारणच तसं घडलंय.

आपल्या प्रिन्सिप बेटाच्या स्वायत्ततेला यंदा दहा वर्षं होतात. त्यानिमित्त आमचं खातं एक पुस्तिका काढतंय: 'प्रिन्सिप स्वायत्त प्रदेश : एक दृष्टिक्षेप'. आठ पानं, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, छपाई थेट लिस्बनला. आणि लेखक कोण? तुझा आतेभाऊ! संचालकसाहेब म्हणाले, "सेमेदु, तुम्ही त्या बेटाचे. तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?" मी मान डोलावली. खरी गोष्ट अशी की बेट सोडून मला एकोणीस वर्षं झाली, आणि आपल्या शिखराची उंचीसुद्धा मला नक्की आठवत नाही. ९४२ मीटर ना?

तेव्हा मोजकी माहिती पाठव. मोजकी, दादा. इतिहास, पिकं, राजधानी, स्वायत्तता, सगळं मिळून दोन पानांत. आणि जाता जाता, आपल्या बोआ एस्पेरा मळ्यावर हल्ली किती खोल्या, किती माणसं, तेही कळव. सहज विचारतोय.

ऑगस्टमध्ये पोर्तुगालहून मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांना संत लॉरेन्सच्या सणाचा खेळ, ख्रिस्ती राजाची आणि मुसलमान मूरांची लुटुपुटूची लढाई, दाखवायचाय. या वर्षी दूताचं सोंग मी स्वतः घेणार! बाबांच्या मागे ते माझ्याकडे आलं त्याला अकरा वर्षं झाली, दर वर्षी बदली माणूस नाचतो. आता पुरे.

आईला नमस्कार सांग. तिचा चष्मा पाठवायचा राहिलाच.

तुझा,
बेलार्मिनो


बोआ एस्पेरा, १० मार्च २००५

प्रिय बेलार्मिनो,

तुझं पत्र बारा दिवसांनी हातात पडलं. विमानाला पस्तीस मिनिटं लागतात, त्यामुळे सरकारी माणसाचं पत्र बोटीनंच येणार हे मी गृहीत धरलं होतं. नेहमीप्रमाणे कोको वाळवायच्या फरशीवर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चष्म्याच्या ओळीला फिलिस्मिना आत्या म्हणाली, "तीन वर्षं झाली, आता चष्मासुद्धा म्हातारा झाला असेल."

आता माहिती.

शिखर ९४८ मीटर आहे. तुझ्या खात्यात सहा मीटर कोणी ठेवून घेतले असतील तर परत करावेत.

पोर्तुगीज आले ते १७ जानेवारी १४७१ला. त्या वेळी बेट निर्मनुष्य होतं. हे लिहायला हरकत नाही, कारण खरं आहे. बेटाला राजपुत्राचं नाव दिलं, कारण इथल्या साखरेचा कर राजपुत्राला जायचा. राजपुत्र कधी आला नाही. हे दुसरं वाक्यही लिही. १७५३ ते १८५२ आपलं सांतो आंतोनियो हे साओ तोमे आणि प्रिन्सिप या दोन्ही बेटांची राजधानी होतं. म्हणजे नव्याण्णव वर्षं. पुस्तकवाले 'शंभर वर्षं' लिहितात. आळस, दुसरं काय.

गुलामगिरी १८७५ साली संपली असं तू लिहिशीलच. त्याच्या खालच्या ओळीत लिही, की आपले आजोबा १९२६ साली केप व्हर्डहून पाच वर्षांच्या करारावर इथे आले, आणि तो करार संपल्याचं त्यांना मरेपर्यंत कोणी कळवलं नाही.

स्वायत्ततेबद्दल. पूर्वी अंधार साओ तोमेहून यायचा. आता तो स्थानिक पातळीवर तयार होतो. दिवे संध्याकाळी सहा ते दहा, तेल असलं तर. तरी मी स्वायत्ततेच्या बाजूचाच आहे. आपला अंधार निदान ओळखीचा असतो.

आणि शिरगणती. 'सहज' विचारलंस, पण मी सहज मोजत नाही. मी कोकोच्या तराजूवर अक्षरओळख करून घेतलेला माणूस आहे, पोत्यावरचा आकडा एक किलोनं चुकला तर मुकादम कान उपटायचा. तीन दिवस दारोदार फिरलो. समुद्रावर गेलेल्यांची वाट पाहिली. चाळीत खोल्या एकेचाळीस, माणसं एकशे त्रेसष्ट. नावांची यादी जोडली आहे. मोटार दुरुस्त करणाऱ्या निकोलाउला मी एकदाच धरलंय, जरी तो दोन खोल्यांत जेवतो. बिबियाना म्हणाली, "आधी माझ्या शेळ्या लिही. त्या तुझ्या निम्म्या माणसांपेक्षा जास्त कामाच्या आहेत." लिहिल्या नाहीत.

तू दूताचं सोंग घ्यायला येतोयस हे ऐकून आत्यानं निळा झगा पेटीतून काढून उन्हात टाकला.

किंतिनो


साओ तोमे, २ एप्रिल २००५

प्रिय दादा,

तुझी माहिती म्हणजे खजिना! थोडी लांबली, थोडी तिखट होती, मी ती सौम्य केली. सोबत पुस्तिकेचा मसुदा पाठवतोय. संचालकसाहेब म्हणाले, "सेमेदु, हे वाचून मलासुद्धा प्रिन्सिपला जावंसं वाटतंय." ते एकदाही गेलेले नाहीत.

शिरगणतीचा फार उपयोग झाला.

घाईत,
बेलार्मिनो

(चष्म्याचं दुकान हलवलंय. शोधतोय.)


बोआ एस्पेरा, १७ एप्रिल २००५

प्रिय बेलार्मिनो,

मसुदा दोनदा वाचला, तिसऱ्यांदा पट्टी धरून. एकंदर चौदा चुका आहेत. महत्त्वाच्या तेवढ्या इथे लिहितो.

पान एक. शिखर पुन्हा ९४२. तुमच्याकडे डोंगराशी वैर कोणाचं आहे?

पान दोन. पोपटाचं चित्र आपल्या पोपटाचं नाही. आपला करडा असतो, शेपूट लाल. तुम्ही छापलेला हिरवा पक्षी कुठल्या देशाचा नागरिक आहे ते शोधून त्याला परत पाठवा.

पान तीन. 'बेटावरचे हसतमुख लोक.' कोण? मी बावन्न वर्षं इथे आहे. हसतात, पण कोणाला तरी. नुसतंच नाही.

पान चार, ओळ सात. 'बोआ एस्पेरा : निर्मनुष्य जुना कोको-मळा, समुद्रकिनाऱ्यालगत, गुंतवणुकीस अत्यंत योग्य.' हा टंकलेखकाचा दोष दिसतो. पान एकवर 'निर्मनुष्य बेट' आहे, १४७१ सालचं. तोच शब्द घसरत चौथ्या पानावर आला असणार. अशा चुका होतात. जागरूक माणसानं त्या पकडायच्या असतात, म्हणून मी पकडली. दुरुस्ती अशी करावी: 'एकेचाळीस खोल्या, एकशे त्रेसष्ट माणसं.'

कारण तसं राहिलं तर वाचणारा काय समजेल बघ. १४७१ साली इथे माणूस नव्हता, २००५ साली इथे माणूस नाही. मग मधली पाचशे चौतीस वर्षं ऊस आणि कोको कोणी तोडला? शेळ्यांनी? बिबियानाला हे कळलं तर ती मजुरी मागेल.

टंकलेखकाला रागावू नकोस. त्याला फक्त आत्याचं नाव सांग. खोली नंबर नऊ, फिलिस्मिना सेमेदु, वय अठ्ठ्याहत्तर. त्याच्या साहेबाची आई आहे म्हणावं.

किंतिनो


साओ तोमे, ५ मे २००५

प्रिय दादा,

कसं सांगू. तो टंकलेखकाचा दोष नाही. ती ओळ मी लिहिली.

आधी शांतपणे वाच. एका परदेशी कंपनीला आपल्याकडे किनाऱ्यावर हॉटेल बांधायचंय. फार सज्जन लोक आहेत. त्यांचा नियमच आहे की जिथे माणसं राहतात ती जागा घ्यायची नाही, कोणाला हलवायचं नाही. म्हणून जागा रिकामी असणं आवश्यक होतं. आता 'रहिवासी' कोण, याची आमच्याकडे व्याख्या आहे: ज्याच्या नावावर जागेचा कागद आहे तो. स्वातंत्र्यानंतर मळा सरकारजमा झाला, चाळीतल्या कोणाकडेच कागद नाही. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तुम्ही तिथे आहात, पण राहत नाही. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही.

नाताळपर्यंत चाळ मोकळी करायची आहे. विमानतळाजवळ सगळ्यांना सिमेंटची नवी घरं मिळतील. कागदावर ती तयार आहेत. त्यासाठीच तुझी यादी उपयोगी पडली.

आणि तुझ्यापासून काय लपवायचं, हे जमलं तर प्रदेशाचा खातेप्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक होईल. सांतो आंतोनियोत कचेरी, गाडी. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांची कागदपत्रं पुढे सरकवली, दादा. एकदा तरी माझ्या खुर्चीला हात असावेत. शिवाय मी आईच्या जवळ येईन.

पुस्तिका छपाईला गेली. दोन हजार प्रती. आता काही करता येत नाही.

तुझा,
बेलार्मिनो

ता. क. हे पत्र फरशीवर वाचू नकोस. आईला तर मुळीच नको.


बोआ एस्पेरा, २२ मे २००५

बेलार्मिनो,

ताजा कलम शेवटी असतो. मी पत्र वरून खाली वाचतो. तुझी सूचना आली तेव्हा फरशीवर शंभरावर माणसं बसली होती, आणि आत्या पहिल्या रांगेत होती.

पहिला निकोलाउ बोलला. "म्हणजे मी आहे की नाही?"

बिबियाना म्हणाली, "तू आहेस रे, पण राहत नाहीस. तुझी बायको इतकी वर्षं वेगळं काय सांगतेय?"

हसले सगळे. मग थांबले. कोणीतरी विचारलं, "कागदावरच्या घराचं छप्पर गळतं का?" त्यावर कोणी हसलं नाही.

मसुद्याचं चौथं पान मी आत्याच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाली, "मला ह्यात काही दिसत नाही. लिहिताना त्याला मी दिसले नाही. फिट्टंफाट झाली." आणि पुढे, "नऊ नंबरात मी त्याला जन्म दिला. त्या खोलीचा कागद तेव्हाही नव्हता. मग तो जन्मलाच नसेल. कशाला रागवायचं?" आणि निळा झगा घडी करून पेटीत ठेवला.

मी यादी केली होती ती आम्ही आहोत हे दाखवायला. तू ती आम्हाला उचलायला वापरलीस. तीन दिवस मी दारोदार फिरून तुझ्यासाठी पोती मोजत होतो, असाच त्याचा अर्थ.

आता माझ्याकडच्या यादीबद्दल. खेळाची वही माझ्या ताब्यात आहे हे तुला माहीत आहे. लाल बाजूचे मूर आपल्या मळ्याचे, निळ्या बाजूचा राजा आणि त्याचे सरदार गावातले. निळ्या बाजूला आपल्या मळ्याचं एकच सोंग, दूताचं, ते तुझ्या घराण्यात. १३ जूनला, संत अँथनीच्या दिवशी, मी यादी वाचतो. सोंगाचा धनी इथे राहत असला पाहिजे. बाहेर असला तर दर वर्षी स्वतःच्या हातानं लिहून सोंग मागितलं पाहिजे. अकरा वर्षांत तू एकदाही मागितलं नाहीस. अकरा वर्षं मी डोळे झाकून तुझ्या नावापुढे 'आहे' असं लिहिलं.

यंदा मी तुझीच व्याख्या लावणार आहे. कागद नाही, म्हणजे राहत नाही. राहत नाही, म्हणजे जागा रिकामी.

किंतिनो


साओ तोमे, ३ जून २००५

दादा,

हे पत्र विमानानं पाठवतोय, वैमानिकाच्या हातात दिलंय. १३ तारखेच्या आत तुला मिळालं पाहिजे.

मी, बेलार्मिनो सेमेदु, स्वतःच्या हातानं दूताचं सोंग मागतो. झालं? लिहिलं.

माझं नाव खोडू नकोस. ते सोंग बाबांचं आहे. ते खेळाच्या आधी तीन दिवस मासळी खायचे नाहीत, बोलायचे नाहीत, आणि मग निळ्या झग्यात रस्त्यानं निघाले की मी लहानपणी त्यांना ओळखायचो नाही. मला वाटायचं, खरंच कोणी राजाकडून आलाय. इथे संध्याकाळी खानावळीत बसून मी ते अजून सगळ्यांना सांगतो. संचालकसाहेबांनाही सांगितलंय. पाहुण्यांनाही कळवलंय की दूत मीच. कंपनीच्या मादालेनाबाई स्वतः येणार आहेत. मी रस्त्याच्या कडेला उभा दिसलो तर?

मागशील ते करतो. ऑगस्ट पार पडू दे, मग त्या ओळीचं काय करता येईल ते बघतो. 'बघतो' म्हणजे खरंच बघतो.

बेलार्मिनो


बोआ एस्पेरा, १४ जून २००५

प्रिय बेलार्मिनो,

पत्र वेळेत मिळालं. स्वतःच्या हातचं आहे, मागणी स्पष्ट आहे. नियमाप्रमाणे मी काल तुझ्या नावापुढे 'आहे' लिहिलं. काळजी करू नकोस. ये.

तू कधी खेळलेला नाहीस, म्हणून चार गोष्टी आधीच सांगतो. बदली माणसानं गेल्या अकरा वर्षांत बऱ्याच पळवाटा काढल्या आहेत. यंदा पाहुणे आहेत. सगळं वहीप्रमाणे झालं पाहिजे.

एक. सकाळी दूत राजाचा निरोप घेऊन मूरांकडे जातो. मूर त्याला पकडतात. त्यानं हातपाय झाडायचे, पण फार नाही.

दोन. कैदेतला दूत आपल्या राजाला पत्र लिहितो. आपण कुठे आहोत, कोणाच्या कैदेत आहोत, सगळं खुलासेवार. बदली माणूस केळीच्या पानावर काडीनं रेघोट्या ओढायचा. मला ते कधीच आवडलं नाही. वहीत लिहिलंय, 'स्वतःच्या लेखणीनं आणि मोहोर उमटवून.' तेव्हा चांगलं पेन आण. आणि तुमच्या खात्याचा शिक्का असतो ना, गोल, तो आण. पाहुण्यांवर छाप पडेल.

तीन. ते पत्र मी चौकात राजापुढे मोठ्यानं वाचतो. पत्र अपुरं असेल तर परत पाठवायचा अधिकार मला आहे. वाचून झालं की राजाला जावंच लागतं. राजा गेला नाही तर खेळ मोडतो आणि सबंध बेटाचं वर्ष वाईट जातं. राजाचे पाहुणे राजाबरोबर जातात.

चार. हा बारीक तपशील आहे, पण सांगून ठेवतो. मूरांचा किल्ला रस्त्याच्या टोकाला बांबूचा करतात, ती आपली सोय. वहीत किल्ला हा शब्दच नाही. 'मूर जिथे राहतात तिथे' असं आहे.

आत्यानं झगा परत उन्हात टाकलाय. बाह्या दोन बोटं लांब केल्या, तुझ्या हातांचा अंदाज घेऊन.

किंतिनो


बोआ एस्पेरा, चाळ, खोली नंबर नऊ
१४ ऑगस्ट २००५, दुपारी सव्वाचार

निळ्या सैन्याच्या महाराजांस,

हे माझं तिसरं पत्र. पहिल्यात मी 'अज्ञात स्थळी' लिहिलं, तुमच्या वहीवाल्यानं ते मोटरसायकलवरून परत पाठवलं, शेरा 'पत्ता अपुरा'. दुसऱ्यात 'एका जुन्या मळ्यात' लिहिलं. शेरा 'कोणत्या?' प्रत्येक फेरी चौदा किलोमीटरची आहे आणि झगा लोकरीचा आहे.

तेव्हा खुलासेवार लिहितो. सकाळी दहा वाजता मी चौकातून मूरांकडे निघालो. मूरांचा राजा निकोलाउ यानं मला उचललं आणि बांबूच्या किल्ल्याकडे न नेता मालमोटारीत टाकलं. मी म्हणालो, "अरे, किल्ला मागे राहिला!" तो म्हणाला, "तिथे आम्ही नाचतो. राहत नाही." दारात तो तलवार घेऊन बसलाय. तलवार लाकडाची आहे, निकोलाउ नाही.

मी बोआ एस्पेरा मळ्यावर आहे. (बिबियाना खांद्यावरून वाचतेय. तिला वाचता येत नाही, पण मी कुठे थांबतो ते तिला कळतं. "थांबलास का रे? लिही की पुढचं. शिक्का वाळतोय.")

या मळ्यावर एकेचाळीस खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत चूल आहे, ती आत्ता पेटलेली आहे. मी एकशे त्रेसष्ट माणसांच्या कैदेत आहे. ती सगळी इथे राहतात. कागदाशिवाय राहतात. त्यांचे आई-वडील इथेच राहिले आणि इथेच पुरले गेले. माझे वडीलही.

कैद्याला वागणूक बरी आहे. फिलिस्मिना सेमेदु या मूर स्त्रीनं मला आझागोआचं, पाल्याच्या घट्ट कालवणाचं, दुसरं ताट वाढलंय आणि बाह्या बरोबर बसल्या का ते बघतेय. ती अजून माझ्याशी एकच वाक्य बोललीय. "तुझ्या बापाचे हात एवढे मऊ नव्हते."

महाराज, सैन्य घेऊन या. पाहुण्यांना आणा. या पत्रातला मजकूर खरा आहे. तो मी माझ्या हातानं लिहिला, आणि खाली खात्याची मोहोर उमटवतो.

आपला दूत,
बेलार्मिनो सेमेदु
(गोल शिक्का)


बोआ एस्पेरा, ४ सप्टेंबर २००५

प्रिय बेलार्मिनो,

संचालकांनी तुला परतीच्या विमानात बसवलं तेव्हा आपलं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितो.

तुझं तिसरं पत्र मी चौकात वाचलं तेव्हाचं तू पाहिलं नाहीस. तुझे संचालक 'एकेचाळीस'ला टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हे जुनं काव्य आहे. मादालेनाबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून तुझी पुस्तिका काढली, चौथं पान उघडलं आणि माझ्याकडून ते पत्र मागून घेतलं. शिक्का बोटानं चाचपून पाहिला. मग राजा निघाला, कागदी मुकुट घालून, सात किलोमीटर चालत. मागे अर्धं गाव, त्याच्या मागे पाहुण्यांच्या गाड्या.

पुढचं तू बघितलंस. फक्त एक गोष्ट तुला ऐकू आली नसेल, कारण तू तेव्हा निळ्या झग्यात पलंगामागे होतास. सगळे आपापल्या दारात उभे होते. बाईंनी दुभाष्याला विचारलं, "पुस्तिकेत इथे कोणी नाही असं आहे. मग हे कोण?" बिबियाना म्हणाली, "आम्ही भुतं. जेवून जा." बाई दोन ताटं जेवल्या. पण आधी त्यांनी माणसं मोजली. मी त्यांच्यासोबत फिरत होतो. त्यांचा आकडा एकशे एकसष्ट आला. मागे झोपलेले दोघे मी दाखवले.

काल त्यांच्या कंपनीचं पत्र सांतो आंतोनियोच्या कचेरीत आलं. माणसं राहतात ती जागा घेत नाहीत, त्यांचा नियमच आहे. तू म्हणाला होतास, फार सज्जन लोक. पहिल्यांदाच तुझी माहिती अचूक निघाली.

नेमणूक हुकल्याचं कळलं. वाईट वाटलं. थोडं.

संचालकांच्या हुकमाप्रमाणे तू स्वतः बसून दोन हजार प्रतींत शुद्धिपत्राच्या पट्ट्या चिकटवतोयस, त्यातली एक कागदावर चिकटवून नमुन्याला पाठवलीस, ती मिळाली. 'पान ४, ओळ ७ : "निर्मनुष्य" ऐवजी "एकशे त्रेसष्ट रहिवासी" असे वाचावे.' 'रहिवासी' हा शब्द तुझा तू घातलास, मी सांगितला नव्हता. ते बघून मी पट्टी वहीत ठेवली.

चष्माही पोचला. आत्यानं तो लावून पट्टी डोळ्यांसमोर धरली. तिला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. तिनं बोट ठेवून विचारलं, "ह्यातली मी कोणती?" मी म्हणालो, तू नसलीस तर आकडाच चुकतो. तिनं पट्टीची कड नखानं उचलून पाहिली. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, डिंक पातळ झालाय, कडेनं सुटतोय. फणसाचा चीक लाव."

पण बेलार्मिनो, आकडा चुकला आहे. ३१ ऑगस्टला पहाटे बिबियानाच्या सुनेला मुलगी झाली. खोली बावीस, वजन तीन किलो दोनशे, कोकोच्या तराजूवर मी स्वतः केलं. म्हणजे एकशे चौसष्ट. चिकटवलेल्या पट्ट्या सोडवाव्या लागतील. धाकट्या सुनेला नोव्हेंबरमध्ये दिवस भरतात, तेव्हा शेवटच्या पाचशे प्रती तूर्त बाजूला ठेवलेल्या बऱ्या.

आणि एकदा हात घातलाच आहेस तर शिखरही करून घे. ९४८.

पुढच्या वर्षीच्या सोंगाचं विचारलंस. यादीत तुझ्या नावापुढे मी 'आहे' असंच लिहिलंय. 'राहतो' असं लिहिलेलं नाही.

किंतिनो